शंभर टक्के निकालाच्या सुरेखाबाई

कळंब्याच्या रस्त्याला दोन उंच भिंती होत्या. एक जेलची, दुसरी सेंट बिबियाना कॉन्व्हेंटच्या मुलींच्या बोर्डिंगची. सिटी बसचे कंडक्टर दोन्ही मिळून एकच हाक द्यायचे, "चला, जेल आन् बोर्डिंगवालं उतरा!" नव्या मुलीला पहिला आठवडाभर आपण नेमक्या कुठल्या दारातून आत आलो याचा संशय असायचा.

संत बिबियाना ही म्हणे डोकेदुखीवरची संत. युरोपात कुणाचं डोकं ठणकलं की तिच्यापुढे मेणबत्ती लावतात. शाळेला हे नाव देणाऱ्यांना पुढे इथे सुरेखा मगदूम गणित शिकवायला येणार हे आधीच कळलं असावं, असं मुलींचं ठाम मत होतं. भूमितीच्या पेपरच्या सकाळी चॅपलमध्ये पुतळ्यापुढे उभं राहायला जागा मिळायची नाही. मराठ्यांच्या मुली, जैनांच्या मुली, बौद्धांच्या मुली, दोन मुसलमानांच्या, आणि उरलेल्या जागेत चार-सहा खऱ्या ख्रिस्ती. सगळ्यांच्या मेणबत्त्या लागायच्या. पेपर तरीही सुरेखाबाईच काढायच्या.

बाई कुरुंदवाडच्या. बापाची गाळाची मळी नदीकाठची, वांगी प्रसिद्ध. शेतकरी जैन घर, तिथली ही बी.एस्सी. झालेली पहिली मुलगी. लग्न झालं नाही. का झालं नाही यावर कुरुंदवाडात दहा वर्षं चर्चा चालली आणि मग लोक कंटाळले. खरं कारण साधं होतं. बघायला आलेल्या पहिल्या तिघांना बाईंनी उलट प्रश्न विचारले होते, आणि तिघांनाही उत्तरं आली नव्हती. चौथा आलाच नाही. भाऊ जिनेंद्र म्हणाला, "अक्का, परीक्षा घ्यायचीच हौस असंल तर मास्तरीण हो." झाली. एकोणीसशे शहाऐंशी साली बोर्डिंगमध्ये राहायला खोली, वर्गात गणित आणि संध्याकाळी अभ्यासिकेवर देखरेख, अशी नोकरी लागली आणि बाई तिथेच रुजल्या.

नन्सच्या घरात जैन बाई राहते म्हणजे गंमतच. रविवारी स्वयंपाकघरात मटण शिजायचं, तेव्हा सुरेखाबाई बागेत मेरीच्या पुतळ्यामागे, वारं उलटं असेल त्या बाजूला, खुर्ची टाकून वह्या तपासायच्या. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा नेम त्यांनी कधी मोडला नाही. मुली साडेसातला प्रार्थना म्हणून ताटावर बसत, तोवर बाईंचं जेवण होऊन दोन तास झालेले असत. म्हणून बाई अभ्यासिकेत भरल्या पोटी, ताज्या दमाने, भुकेल्या मुलींना प्रमेयं विचारायच्या. हा अन्याय आहे असं कुणीतरी सिस्टरना लिहून दिलं होतं. सहीच्या जागी 'भुकेल्या आत्मा' असं होतं. बाईंनी चिठ्ठीतली चूक दुरुस्त करून ती फळ्याला लावली.

आता मुख्याध्यापिका सिस्टर अपोलोनिया. मंगळूरकडच्या, उंच, गोऱ्या, कायम घाईत. मुली त्यांना अपोलो म्हणायच्या. सिस्टरचं मराठी पुस्तकातून आलेलं होतं आणि वाटेत त्यातले काही जिन्नस सांडले होते. पण एक मराठी वाक्य त्या अगदी बिनचूक बोलत. "दहावीचा निकाल शंभर टक्के." दहा वर्षं सलग शंभर टक्के. फाटकावर तसा पत्र्याचा बोर्ड होता आणि दरवर्षी जूनमध्ये पेंटर येऊन फक्त साल बदलून जायचा.

हे शंभर टक्के कसे यायचे ते सांगायला हवं, कारण त्यात प्रार्थनेचा वाटा लोक समजतात तेवढा नव्हता. नववीच्या वार्षिक परीक्षेत एखादी मुलगी गणितात आपटली की तिच्या बापाला ऑफिसात बोलवायचं. चहा द्यायचा. दोन रस्ते दाखवायचे. एक, मुलगी पुन्हा नववीला बसेल, पण नापास मुलींना बोर्डिंगमध्ये जागा नाही. दुसरा, दाखला घेऊन जा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून तिला बाहेरून दहावीला बसवा. सतरा नंबर म्हणजे खाजगी विद्यार्थी. पास झाली तर तिचं नशीब, नापास झाली तर शाळेच्या नावावर काही नाही. थोडक्यात, ज्या पोरी नापास होतील असं वाटायचं त्या आधीच काढून टाकल्या की उरलेल्या शंभर टक्के पास होणारच. याला गणित येत असलंच पाहिजे असं नाही.

सुरेखाबाईंना हे माहीत होतं. माहीत असून त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं, हेही खरं. त्यांचं म्हणणं एवढंच की पेपर अवघड हवा. बोर्डाच्या पेपरापेक्षा अवघड. आपल्या हातचा मार सोसलेल्या पोरीला बोर्ड काय मारणार? आणि त्यांचा पेपर कधी फुटत नसे, त्याचीही एक रीत होती. जुन्या पेपरांचे गठ्ठे मुली पिढ्यान्पिढ्या जपून ठेवत, हे त्यांना ठाऊक. म्हणून छपाईच्या सकाळी बाई स्वतः स्टेन्सिलवर बसायच्या आणि उदाहरणांतले आकडे तिथल्या तिथे बदलायच्या. सातचे पाच, नऊचे सहा. उत्तरं तोंडी काढून कागदाच्या कपट्यावर लिहायच्या. बारा वर्षांत एक मार्क कुणाला वाढवून दिला नव्हता आणि एक चूक कुणी दाखवली नव्हती. दोन्हींचा त्यांना सारखाच गर्व होता.

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलात या चाळणीत संघप्रिया कांबळे सापडली.

नेसरीची. बाप नागसेन कांबळे एस.टी.त कंडक्टर, गडहिंग्लज डेपो. पोरगी आडव्या बांध्याची, हसली की जिन्याखालची घंटा दचकावी अशी. इतिहासात पहिली, मराठीत दुसरी, चॅपलच्या गायनात सगळ्यात वरचा आवाज तिचा. नाताळला बिशप आले तेव्हा लॅटिनमधलं गाणं तिने असं म्हटलं की बिशपनी विचारलं, कुठल्या पॅरिशची मुलगी? सिस्टर म्हणाल्या, "नेसरीची." बिशपनी मान डोलावली. नेसरीत पॅरिशच काय, चर्चही नाही हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

गणितात मात्र अंधार. बीजगणित, भूमिती मिळून दीडशेपैकी एकोणचाळीस. पासाला त्रेपन्न लागतात.

सुटी लागली त्या दिवशी नागसेन पोरीला न्यायला आला तो ड्यूटीवरूनच, खाकी कपड्यांत, खांद्याला चामड्याची पिशवी. त्याला ऑफिसात बसवलं. चहा आला. चहा बघून तो म्हणाला, "च्या आला म्हंजे काय तरी वंगाळच हाय."

सिस्टरनी दोन रस्ते दाखवले. वर्गशिक्षिका म्हणून सुरेखाबाई शेजारी बसल्या होत्या, उत्तरपत्रिका मांडीवर. संघप्रिया दाराशी उभी, ट्रंक पायाशी.

नागसेनने फॉर्म हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला.

"ह्यो मला ठावं हाय. माज्या भावाच्या पोराला असाच दिलता गडिंग्लजात. सिस्टरबाई, आमास्नी दार दावायची लोकांस्नी सवय हायच. तुमी फॉर्म दावला. एवढंच काय ते नवीन."

सिस्टर लाल झाल्या. "मिस्टर कांबळे, हा जातीचा प्रश्न नाही. हा मार्कांची प्रश्न आहे."

"व्हय, तसंच म्हंत्यात समदी." तो रागावला नव्हता. रोज साठ माणसांशी सुट्या पैशांवरून बोलणाऱ्याला राग परवडत नाही. "फी घ्या, मारा, ठोका. पन पोरगी हितनं बसंल. तिला बाहेरनं बसायचं न्हाय. इचारा तिला."

"मला हितनंच बसायचंय," दारातून आवाज आला. "बाहेरून बसलेली म्हणून सगळी विचारतात, काय केलंस म्हणून. काय चोरी केल्यागत."

"तू गप गं," सुरेखाबाई म्हणाल्या. "चोरी केली असतीस तर निदान मार्क तरी मिळाले असते."

"बाई, पेपर बघू द्या की जरा," नागसेन म्हणाला.

असं आजवर कुठल्या बापाने म्हटलं नव्हतं. बाईंनी भूमितीची उत्तरपत्रिका त्याच्या हातात दिली, जरा जोरातच. त्याने बोटाला थुंकी लावून तिकिटं मोजावीत तशी पानं उलटली. चौथ्या पानावर थांबला. तिथे एक आकृती होती, कंपासने काढलेली, खोडलेली, पुन्हा काढलेली. कागदाला भोक पडलेलं. खाली इंग्रजी पेपरात मराठीत एक ओळ: 'असा त्रिकोण होत नाही.' आणि त्यावर बाईंच्या लाल शाईत मोठं शून्य आणि 'नॉनसेन्स'.

"हे काय हाय?"

"त्रिकोणाच्या तीन बाजू दिल्यात, मध्यगा काढायची होती. सूत्र आहे. तुमची मुलगी सूत्र वापरायचं सोडून चित्रं काढत बसली."

"सूत्र आठवंना मला," संघप्रिया म्हणाली. "म्हणून म्हटलं मापानं काढून पट्टीनं मोजू. पाया बारा काढला. इकडनं पाचचा कंस, तिकडनं सहाचा. जुळंनातच. तीनदा काढले, मिस. शेवटाला शेजारच्या आदितीची पेन्सिल घेतली."

"वर्गात सगळ्यांना आलं. तुलाच नाही जुळलं?"

नागसेन त्या आकृतीकडे बघत राहिला. मग त्याने तीन बोटं पुढे केली. "बाई, मला त्यातलं काय कळत न्हाय. पन बारा किलोमीटरचं गाव असंल, आन् एक मानूस हितनं पाच चालला, दुसरा तितनं सहा चालला, तर भेटायची कशी ती? मदी एक किलोमीटर ऱ्हातोयच की."



सुरेखाबाईंनी मनात बेरीज केली. पाच आणि सहा अकरा. पाया बारा. पाचवीतल्या पोरालाही दिसावं असं. त्यांना स्टेन्सिलवर पेन फिरवणारा आपला स्वतःचा हात आठवला. सातचे पाच, नऊचे सहा.

पण बारा वर्षांचा गर्व असा एका बस कंडक्टरसमोर खाली ठेवता येत नाही. "बघून सांगते," त्या म्हणाल्या आणि पेपर त्याच्या हातातून जवळजवळ ओढून घेऊन निघाल्या. जाता जाता म्हणाल्या, "दोन दिवस थांबा. फॉर्म भरू नका."

मुली गेल्या. बोर्डिंगमध्ये उरल्या नन्स, सुरेखाबाई आणि स्वयंपाकीण बयाबाई. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई बयाबाईला हात धुवायला लावून अभ्यासिकेत घेऊन गेल्या, तिला पर्यवेक्षकाच्या खुर्चीत बसवलं आणि तिच्यापुढे स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ ठेवलं.

"मी पेपर सोडवते. काटा इथं आला की मला थांबव."

"कुनाचा पेपर?"

"माझाच."

"तुमचाच पेपर तुमीच सोडिवनार? मग मी कशाला? घरातल्या घरात हाय की."

"बस म्हटलं ना."

बयाबाई बसली. खुर्चीचा गुण असावा, पाच मिनिटांत तिच्या अंगात पर्यवेक्षिका शिरली. पाठ ताठ, नजर बाईंच्या हातावर. एकदा बाईंनी मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं तर म्हणाली, "खाली बघा. आंब्यावर उत्तर न्हाय लिवल्यालं."

पहिला तास बरा गेला. मग बाईंना कळलं की आपण जे प्रश्न तीन मार्कांना घातलेत त्यांना वीस वीस मिनिटं लागतात. एका प्रमेयात त्या स्वतःच अडकल्या, रचना खोडली, परत केली.  चौथ्या प्रश्नात तो त्रिकोण आला. सूत्रात घातला. मध्यगेचा वर्ग वजा साडेपाच आला. वजा! जगात कुठल्या रेघेचा वर्ग वजा असतो? आणि उत्तरांच्या कपट्यावर बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, साडेपाचचं वर्गमूळ. वजाबाकी उलटी करून वजा गिळून टाकला होता. आदिती आणि वर्गातल्या सगळ्या हुशार पोरींनीही तेच केलं होतं. वजा आलेला बघून त्या घाबरल्या, चिन्ह पुसलं आणि पाचपैकी पाच घेऊन गेल्या. ज्या पोरीला सूत्र आठवलं नाही, तिला शून्य.

"झाली येळ," बयाबाई म्हणाली.

"दोन मिनिटं थांब."

"हात थांबवा, बाई."

"अगं दोन प्रश्न राहिलेत."

"पोरींस्नी दिलीसा कवा दोन मिनिटं?" बयाबाईने येऊन कागद ओढून घेतला. खरोखर ओढून घेतला. "बारा वर्सं बगतोय मी दारातनं. लिवता लिवता वडून घेता. एक पोरगी तर जेवली न्हवती त्या दिशी. मी भाकरी ठेवलेली तशीच."

 त्या दिवशी बयाबाईने दिवस मावळायच्या आधी ताट वाढून आणलं तेव्हा बाई म्हणाल्या, "भूक नाही." बयाबाई म्हणाली, "व्हय की. पेपर अवघड गेल्यावर भूक कशी लागंल?"

सकाळी बाई सिस्टरच्या ऑफिसात गेल्या. नववीचं निकालपत्रक टेबलावर होतं, वर्गशिक्षिकेच्या सहीसाठी.

"तो प्रश्न चुकीचा आहे. मी चुकवला. कांबळेचं उत्तर बरोबर आहे, तिला पाच मार्क द्यायला लागतील."

सिस्टरनी पेन्सिलीने बेरीज केली. "एकोणचाळीस आणि पाच, चव्वेचाळीस. अजून नऊ कमी आहेत, मिस मगदूम. नापास."

हे बाईंनी रात्रभर मोजलं होतं. इथेच थांबता आलं असतं. चूक कबूल केली, पाच मार्क दिले, पोरगी तरीही गेली, हात स्वच्छ. कुणी काही म्हटलं नसतं.

"पेपर मी स्वतः सोडवून बघितला," त्या म्हणाल्या. "वेळेत झाला नाही."

"कोणाला?"

"मला, सिस्टर! मला झाला नाही! बी.एस्सी. बी.एड., बारा वर्षांचा अनुभव, दोन प्रश्न राहिले. त्या पेपरवर मी कुणाला नापास करू? आणि पास तरी कुणाला करू? आदितीला पाचपैकी पाच दिलेत मी, धादांत खोट्या त्रिकोणाचे."

"पण मग आता काय करायचं म्हणता? मुली घरी गेल्या!"

बाईंनी निकालपत्रक ओढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'भूमितीचा पेपर परीक्षकाच्या चुकीमुळे सदोष. त्याआधारे कोणालाही अनुत्तीर्ण करू नये.' खाली सही. सही नेहमीपेक्षा लहान आली.

सिस्टरनी ते वाचलं आणि छातीवर क्रूस काढला. "हे शिक्षणाधिकारी बघतील!"

"बघू देत. चष्मा लावून बघू देत."

"आणि आमचे शंभर टक्के? पुढचं अकरावं वर्ष आहे. प्रांतातल्या सगळ्या कॉन्व्हेंटांच्या प्रमुख मदर प्रोव्हिन्शियल स्वतः येणार आहेत बक्षीस समारंभाला. ही मुलगी नापास होणार. तुम्हालाही माहीत आहे."

"होईल कदाचित."

"मग त्या दिवशी स्टेजवर उभं राहून तुम्ही सांगायचं, का ते. मी नाही सांगणार."

"सांगीन की," सुरेखाबाई म्हणाल्या. बाहेर आल्यावर त्यांना आठवलं की चार माणसांपुढे आपण आजवर एकदाही बोललेलो नाही. वर्गाची गोष्ट वेगळी. पोरी म्हणजे काय माणसं थोडीच.

जूनमध्ये संघप्रिया दहावीत आली, आणि सुरेखाबाईंच्या जेवणाचा सत्यानाश झाला. अभ्यासिकेच्या वेळात एकटीला शिकवता येत नव्हतं, म्हणून रोज संध्याकाळी बाई दिवस मावळायच्या आत जेवायला बसल्या की समोरच्या बाकावर ही. बाईंच्या एका हातात भाकरी, दुसऱ्या हाताने तिच्या वहीवर खुणा.

"एक्स कुठं गेला?"

"पलीकडं न्हेला की, मिस."

"नेला तर नेला, चिन्ह बदललंस का? घरी जाताना पायताण बदलतेस ना?"

"न्हाय. एकच हाय."

बयाबाई चुलीपाशी हसायची. "बाई, तुमास्नी शिकिवता येत न्हाय. मला इचारा. मला चार दिसांत समजलं तिचं काय ते. तिला चितार काढून दाखवा, मग कळतंय."

हे खरं होतं आणि म्हणून बाईंना झोंबलं. चित्र काढलं की पोरगी भूमितीत चालायची. बीजगणितात चित्र कुठून आणायचं? आंबे, वांगी, एस.टी.ची तिकिटं, सगळं करून झालं. एकदा गडहिंग्लज ते नेसरी किती टप्पे, किती हाफ, किती फुल असं गणित घातलं. संघप्रियाने झटक्यात उत्तर दिलं. बाईंना आनंद झाला. मग कळलं, तिला ते गणित आलं नव्हतं, बापाच्या पिशवीत तिकिटं लावून लावून भाडं पाठ होतं.

पोरगी मात्र कधी रडली नाही. चॅपलमध्ये दणदणीत आवाजात गायची, संत बिबियानापुढे मेणबत्ती लावायची आणि वर बाईंना सांगायची, "मिस, आमच्या घरी हे चालत न्हाय. पप्पांना सांगू नका." बाई म्हणायच्या, "आमच्याही नाही चालत. माझ्या नावाने एक लाव."

मार्चमध्ये परीक्षा झाली. जूनमध्ये निकाल आला. दहावीच्या अठ्ठेचाळीस मुलींपैकी सत्तेचाळीस पास.

संघप्रियाला इतिहास-भूगोलात एकशे सव्वीस. गणितात एक्केचाळीस.

एक्केचाळीस! नववीत एकोणचाळीस होते. वर्षभर भाकरी गार करून सुरेखाबाईंनी दोन मार्क वाढवले होते. आणि त्या खोट्या त्रिकोणाचे पाच धरले तर तीन कमीच झाले होते. बाईंनी गुणपत्रिका तीन वेळा पाहिली. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि म्हणाल्या, "बयाबाई, तू म्हणत होतीस तेच खरं. मला शिकवता येत नाही."

"आता कळून काय उपेग?" बयाबाई म्हणाली, आणि चहा टाकला.

बक्षीस समारंभाला मांडव, खुर्च्या, मदर प्रोव्हिन्शियल, पालक, पेपरवाले दोघे. फाटकावरच्या बोर्डाला पेंटर शिवलाच नव्हता, साल मागच्या वर्षीचंच होतं. सिस्टर अपोलोनियांनी अहवाल वाचला आणि निकालाचा परिच्छेद आल्यावर कागद खाली ठेवला. "यापुढे मिस मगदूम," एवढंच म्हणाल्या.

सुरेखाबाई उभ्या राहिल्या. माईक त्यांच्या कपाळाशी होता, तो खाली करायला कुणी आलं नाही, म्हणून टाचा उंचावून बोलल्या.

"आमची एक मुलगी नापास झाली. गणितात. गणित मी शिकवते. दहा वर्षं आमच्या इथं कुणी नापास झालं नाही, कारण जी होईल असं वाटायचं तिला आम्ही आधीच सतरा नंबरचा फॉर्म देऊन बाहेर काढायचो. यंदा काढली नाही. म्हणून अठ्ठ्याण्णव टक्के. हे अठ्ठ्याण्णव खरे आहेत. आधीचे शंभर खरे नव्हते."  "बसते," म्हणाल्या आणि बसल्या.

टाळ्या वगैरे काही पडल्या नाहीत. मागच्या रांगेत कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "आरं तिच्या, आमच्या पुतणीला असाच दिलता की फॉर्म!" आणि मग त्या बाजूला कुजबुज वाढत गेली. तीन पालक उठून उभे राहिले. मदर प्रोव्हिन्शियलनी कुजबुजून काही विचारलं. सिस्टर अपोलोनिया त्यांच्या कानाशी बराच वेळ बोलत राहिल्या, मान खाली घालून.

नागसेन पोरीला घेऊन शेवटच्या रांगेत होता. ऑक्टोबरला पुन्हा परीक्षा होती, पण नापास मुलींना बोर्डिंगमध्ये जागा नाही हा नियम जुना, आणि ट्रंक तो बांधूनच घेऊन आला होता. मांडव रिकामा व्हायला लागला तशी सुरेखाबाई त्यांच्याकडे निघाल्या. काय बोलणार ते ठरलं नव्हतं. पण त्यांच्या आधी सिस्टर पोचल्या, लांब ढांगा टाकत.

"कांबळे! ट्रंक कुठे नेतो?"

"मी मुलगी आहे, सिस्टर," संघप्रिया म्हणाली. ही दुरुस्ती ती पाचवीपासून करत होती.

"ट्रंक आत ठेव. ऑक्टोबरपर्यंत इथेच. पंधरा ऑगस्टला गायला कोण आहे दुसरी?"

"आन् तुमचा नेम?" नागसेनने विचारलं.

सिस्टरनी हात झटकले. "मिस्टर कांबळे, बिशपसाठी एक चिनी मातीची ताटली असते आमच्याकडे. कपाटात. कोणी हात लावत नाही. तिचा टवका उडाला की आम्ही त्यात रोज जेवतो. आता शंभरचा टवका उडाला. आता कशाला भ्यायचं?" मग सुरेखाबाईंकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "मदर खूप बोलल्या मला. सगळं खरं बोलल्या. तुमच्यावर मी रागावले आहे, ते वेगळं."

"रागवा की," बाई म्हणाल्या. "आधी हिची ट्रंक आत जाऊ दे."

ऑक्टोबरपर्यंत बाईंनी शिकवलं नाही. म्हणजे बसल्या समोर, पण भाकरी खाल्ली आणि गप्प राहिल्या. संघप्रिया गणित बयाबाईला समजावून सांगायची आणि बयाबाई दर ओळीला "का म्हनून?" असं विचारायची. तिला उत्तर देता देता पोरीचं निम्मं बीजगणित सुटलं. बाई मधूनच तोंड उघडायच्या, बयाबाई उलथनं दाखवायची, बाई तोंड मिटायच्या. आयुष्यात त्यांनी सोसलेली ही सगळ्यात अवघड शिस्त.

डिसेंबरात निकाल आला. बरोबर त्रेपन्न. त्यातले दोन-तीन बोर्डाने पदरचे घातले असणार असा बाईंचा अंदाज, पण त्यांनी तो मनात ठेवला, हेही नवीनच.

पुढच्या एप्रिलात नववीच्या पाच पोरी गणितात आपटल्या. पेपर बाईंनी आधी घड्याळ लावून स्वतः सोडवला होता, तरीही. सिस्टरनी यादी बघितली आणि पाचही नावांपुढे दहावीत घ्यायची म्हणून बरोबरची खूण केली.

"पाच?" सुरेखाबाई ओरडल्या. "सिस्टर, मी जेवू कधी?"

"तुमचाच शेरा आहे. मी फक्त पाळते."

त्याच आठवड्यात संघप्रिया दाखला न्यायला आली. गडहिंग्लजला कॉलेजात नाव घालायचं होतं, आर्ट्सला. सुरेखाबाई पाच वह्या पुढ्यात घेऊन बागेत बसल्या होत्या. रविवार होता.

"आर्ट्स? म्हणजे गणित सोडलंस?"

"सोडलं की, मिस. आता जन्मात हात लावणार न्हाय."

बाईंनी तिच्याकडे वर मान करून पाहिलं. काहीतरी कडक बोलायला तोंड उघडलं, आणि स्वयंपाकघराच्या दारात बयाबाई दिसली म्हणून असेल किंवा खरंच तसं वाटलं म्हणून असेल, म्हणाल्या, "बरं केलंस. सुटलीस. ह्या पाचजणींचं मी काय करू ते सांग."